पांढरी, काळी आणि मधली रेघ

देशावरच्या जुन्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जायची. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पांढरीवर घरं, देवळं, चावडी, पार. वेशीच्या बाहेर पडलं की काळी. यामागचा हिशेब साधा होता. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत चार पावसाळ्यांत तडकते. शिवाय पिकाऊ जमीन घराखाली घालवणार कोण? म्हणून पुराच्या पाण्याच्या वरची, मुरमाड, उंचवट्याची जागा घरांना आणि बाकी सगळं नांगराला. मातीची घरं पडत गेली, त्याच मातीवर नवी उठत गेली, आणि कित्येक गावं आजूबाजूच्या शिवारापेक्षा चांगली पुरुषभर उंच टेकाडावर जाऊन बसली. ही जुनी पांढरी माती शेतकरी गाड्या भरून शेतात टाकायला नेत, कारण तिच्यात पिढ्यांचं शेण आणि चुलीची राख मुरलेली असायची.

पुढे इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी आली. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून तिची घडी बसू लागली. सरकारला सारा, म्हणजे जमीनमहसूल, हवा होता आणि तो पिकाऊ जमिनीवर होता. त्यामुळे शेतांना सर्व्हे नंबर पडले, साखळीने मापं घेतली गेली आणि घरांचा पुंजका नकाशात कोरा ठेवला गेला. आजही कुठलाही गावनकाशा उघडा. गटांच्या जाळीत मधोमध एक रिकामा ठिपका दिसेल. ते गावठाण. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १२२ प्रमाणे त्याची हद्द जिल्हाधिकारी ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडच्या गावांचे आणि शहराच्या कडेला सुजलेल्या वस्त्यांचे निम्मे प्रश्न या ठिपक्याच्या रेघेपाशी सुरू होतात. गाव रेघेबाहेर गेलं. वीज, पाणी, परवानगी, कर्ज यांचे नियम मात्र रेघ बघून चालतात. आणि सरकारने रेघ पुढे सरकवली तरी तिच्यामागून रस्ता सरकत नाही.

आधी रेघेच्या आतलं बघू. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोकांच्या हातात असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. इथे एक गोंधळ कायम होतो. तलाठ्याकडचा ८अ वेगळा. तो शेतजमिनीचा खातेउतारा. (तलाठी आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’. गावात दोघांनाही जुन्याच नावाने हाक मारतात.) नमुना ८ वर नाव आहे म्हणजे घर आपलं, असं गाव समजतं. कायद्याने ती कर कोणी भरायचा याची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून बँक त्यावर कर्ज द्यायला कुरकुरते आणि भाऊबंदकीच्या दाव्यात तो कागद फार काळ टिकत नाही.

हा कोरा ठिपका भरायचं काम, म्हणजे गावठाणातल्या मिळकती मोजून मालकीचा कागद द्यायचं काम, स्वामित्व योजनेने हाती घेतलं. ती देशभर २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, पण पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने ड्रोनची चाचणी आधीच केली होती. पद्धत अशी: उड्डाणाच्या आधी गावकऱ्यांनी आपापल्या मिळकतीच्या कडेने चुन्याची फक्की मारायची, मग ड्रोन फोटो घेतो, फोटोवरून नकाशा होतो, नकाशा घेऊन कर्मचारी घरोघर पडताळणी करतात, चौकशीत हरकती ऐकल्या जातात आणि शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते.

चुकतं कुठे? ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. जुन्या बोळात समोरासमोरच्या घरांची वळचण दीड-दोन फूट पुढे आलेली असते. वरून पाहिलं तर बोळ जवळजवळ नाहीसाच होतो. फक्की मारलेली नसेल तर छपराची कड हीच हद्द म्हणून नकाशात उतरण्याचा धोका असतो आणि सार्वजनिक बोळ दोन्हीकडून खाल्ला जातो. परड्यातलं चिंचेचं झाड अंगण झाकतं. वाड्याचे आठ वारस आठ गावांत, चौकशीच्या दिवशी हजर एकच, आणि पत्रिकेवर नाव लागतं तेही त्याचंच. तुमच्या गावात हे काम अजून व्हायचं असेल तर दोन गोष्टी करा: फक्की वळचणीखाली न मारता भिंतीच्या पायाला धरून मारा, आणि बोळाची रुंदी दोन-तीन ठिकाणी टेपने मोजून शेजाऱ्याच्या सहीने कागदावर ठेवा. नंतर हरकत घेण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

तरी गंमत अशी, की पत्रिका मिळेपर्यंत गावठाणाचा मध्य ओस पडायला लागलेला असतो. वाड्यांना कुलपं, पडक्या भिंतींत एरंड, आणि चहाची टपरी, खताचं दुकान, मोबाइलवाला, दवाखाना हे सगळं दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर. एसटी आत यायची बंद झाली की फाट्याचं महत्त्व दुप्पट होतं. पुंजक्याचं गाव रस्त्याच्या कडेने दोरीसारखं लांबत जातं. दोरीला गटार घालणं अवघड, कारण उतार रस्त्याच्या भरावाकडे असतो आणि सांडपाणी मोरीच्या तोंडाशी साचतं. रस्ता रुंद झाला की इमारत रेषेच्या (रस्त्यालगत बांधकाम न करायच्या हद्दीच्या) आत आलेली पहिली ओळ जाते, मागची ओळ रस्त्यावर येते आणि खेळ पुन्हा सुरू.

मळ्यातली वीज

ऊस आणि दुधाच्या पट्ट्यात वेगळंच घडलं. विहीर, मोटार आणि जनावरं सांभाळायला लोक शेतातच राहायला गेले. पाण्याची पाळी रात्री येते, गाईची धार पहाटे काढायची; गावठाणातून रोज दोनदा ये-जा परवडत नाही. अशा मळ्यातल्या वस्त्यांवर कित्येक गावांतले निम्म्याहून जास्त लोक राहतात.

आता वीज बघा. राज्यात गावठाणाचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) आणि शेतीचा फीडर वेगळे करण्याची योजना झाली. हेतू रास्त होता: शेतीपंपांना आठ-दहा तास थ्री फेज, पाळीने कधी दिवसा कधी रात्री, गावाला मात्र पूर्ण वेळ. पण मळ्यातली वस्ती असते शेतीच्या फीडरवर. तिथे थ्री फेज गेली की घराचा फ्रिज, मुलांचा अभ्यास, कडबाकुट्टी सगळं थांबतं. त्यावर उपाय म्हणून सिंगल फेजिंग आलं: पंपाच्या वेळेबाहेर घरगुती वापरापुरती वीज सोडायची. मग शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून त्याच सिंगल फेजवर थ्री फेजच्या मोटारी चालवायला सुरुवात केली. दोन तारांवर तिघांचा भार पडतो, ट्रान्सफॉर्मरचं तेल तापतं, एकेका फेजचं वेटोळं जळतं, आणि ‘डीपी (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळाली’ म्हणून अख्खी वस्ती आठवडाभर अंधारात. दोष शेतकऱ्याचा म्हणावा तर पीक वाळतंय, वीज कंपनीचा म्हणावा तर घर रेघेच्या बाहेर आहे. वस्तीसाठी वेगळा लहान ट्रान्सफॉर्मर गावठाण फीडरवरून ओढणं हाच खरा तोडगा. मात्र आठ-दहा घरांसाठी किलोमीटर-दीड किलोमीटर उच्चदाब तार टाकायचा खर्च कोणी करायचा, इथे कागद अडतो.

वाडीचा पाइप

कोकणात हा पुंजका मुळातच नाही. गाव म्हणजे आठ-दहा वाड्या: वरची, खालची, मधली, किंवा जातीच्या नावाची. (जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, बोलण्यातून ती सावकाश जातील.) घर आपल्या नारळी-पोफळीत, गडग्याच्या आत, आणि दोन घरांना जोडणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. सपाट जागा थोडी, झऱ्याचं पाणी जागोजाग विखुरलेलं. एकत्र वसायचं कारणच नव्हतं. त्यामुळे अनेक गावांना नकाशात नीट गावठाणच नाही. घर उभं असतं वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीवर, तिच्या सातबाऱ्यावर पन्नास सामाईक नावं, त्यातली अर्धी मुंबईला. घर दुरुस्तीचं कर्ज काढायचं तर सगळ्यांची संमती गोळा करा.

विखुरलेपणाची किंमत सगळ्यात स्वच्छ दिसते ती नळपाणी योजनेत. हिशेब मांडून बघू. ३०० घरं, दर घरी ५ माणसं, म्हणजे १,५०० माणसं. जल जीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर. रोजचं पाणी ८२,५०० लिटर. हे पुंजक्याच्या गावालाही तेवढंच आणि वाड्यांच्या गावालाही तेवढंच. सहा तासांत चढवायचं तर ताशी पावणेचौदा हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ३.८ लिटर. घर्षण धरून उंची ६० मीटर मानली, पंप आणि मोटारीची एकूण कार्यक्षमता ५० टक्के, तर सहा अश्वशक्तीच्या वर जातं. बाजारात साडेसातची मोटार मिळते. रोज साधारण २७ युनिट, महिन्याला आठशेच्या आसपास युनिट. इथपर्यंत दोन्ही गावं सारखी.

फरक पाइपात पडतो. आठ हेक्टरांत दाटलेल्या गावठाणाला दोन-सव्वादोन किलोमीटर वितरण नळ पुरतो, घरामागे सात-आठ मीटर. तीच ३०० घरं नऊ वाड्यांत सहा किलोमीटरवर पसरली, तर मुख्य नळ आणि वाडीतले फाटे मिळून १२ किलोमीटरच्या घरात जातं. घरामागे ४० मीटर. पाचपट पाइप, पाचपट सांधे, पाचपट गळती, आणि ती शोधायला तोच एक पाणीवाला.

वर चढ-उतार. दहा मीटर उतरलं की नळात चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब वाढतो. टाकीपासून ७० मीटर खाली असलेल्या वाडीत पाणी थांबून राहिलं की सात किलोचा दाब. तिथे सहा किलोचा पीव्हीसी पाइप टाकला असेल तर तो रात्री, सगळे नळ बंद असताना फुटतो. दिवसा फुटत नाही म्हणून दोष सापडत नाही. उलट दिवसा खालच्या वाडीचे नळ उघडले की सगळं पाणी तिकडे धावतं आणि वरच्या वाडीला हवेचा फुसकारा. इलाज माहीत असलेलाच आहे: उतारावर मध्ये दाबतोड टाकी, प्रत्येक वाडीला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि ठरलेली वेळ, नळाच्या उंच वळणावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह, खोल वळणावर गाळ काढायचा. अंदाजपत्रकात हे सगळं असतं. खर्च कमी करायची वेळ आली की सर्वात आधी हेच कापतात, कारण पाइपाचे मीटर मोजता येतात आणि व्हॉल्व्ह जमिनीखाली जातो.

आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का? जांभा सच्छिद्र आहे. पाणी त्यातून झिरपून खालच्या कातळावर सरकतं आणि झऱ्यावाटे व्हाळाला (ओढ्याला), तिथून समुद्राला. सड्यावरच्या (उंच कातळपठारावरच्या) वाडीची विहीर मार्चमध्ये तळ गाठते, व्हाळाकाठची मेपर्यंत पुरते. नव्वद फूट विहीर खणण्यापेक्षा झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त हौद बांधून तिथून उतारावर पाणी नेणं वाड्यांना परवडतं, तेही वीजबिलाशिवाय. पण योजना पूर्ण गावासाठी एकच मंजूर होते, वाडीसाठी नाही.

माणसंही कमी होत आहेत, ते वेगळंच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. त्याच काळात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. वाडीत पाणीपट्टी भरणारी घरं कमी, पाइप तेवढाच.

गाव नव्याने मांडायची संधी आपल्याला एकदा मोठ्या प्रमाणावर मिळाली होती, दुर्दैवाने भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळली. छतावर अर्धा मीटर मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला पाऊण टनाहून जास्त वजन. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे आडवे दगड नाहीत. भिंत फुगली की वरचं सगळं खाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. घराचं आकारमान कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. घरं भूकंपाला टिकणारी झाली, ही मोठी गोष्ट. पण मांडणी शहरी कॉलनीची: सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, रुंद चौक. जुन्या गावात जे बोळ एकमेकांच्या सावलीत होते तिथे आता उन्हाचं पटांगण. गोठा, कडबा, बलुतं यांना जागा आखलेली नाही, म्हणून प्रत्येक प्लॉटवर पत्र्याच्या शेडा उठल्या. आणि गावाचा पसारा कित्येक पट वाढल्याने दिव्याचे खांब, गटारं, नळ यांची लांबीही तितकीच वाढली. सांभाळणारी ग्रामपंचायत मात्र जुन्याच उत्पन्नाची. देखभाल कोण आणि कशातून करणार हा हिशेब नकाशासोबत मांडला नाही, की दाटीचं गावही वाडीइतकंच महाग होतं.

दोनशे मीटर आणि एक गुंठा

आता शहराच्या बाजूची रेघ. महसूल अधिनियमात कलम ४२ड आलं आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन, प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य क्षेत्रात दाखवली असेल तर, अकृषिक (बिगरशेती, एनए) झाली असं मानण्याची सोय झाली. रूपांतरण कर भरायचा, वेगळी एनएची वारी नको. भोगवटादार वर्ग २ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तर तिचे निर्बंध मात्र तसेच राहतात, हे विसरून व्यवहार करणारे पुष्कळ.

२०० मीटर ऐकायला थोडे वाटतात. समजा गावठाण गोल आहे आणि त्याची त्रिज्या १५० मीटर. क्षेत्र झालं ७ हेक्टर. भोवतीचा २०० मीटरचा पट्टा भरतो ३१ हेक्टरांच्या वर. म्हणजे गाव जेवढं शेकडो वर्षांत वाढलं, त्याच्या साडेचार पटीच्या आसपास जमीन एका कलमाने घरांसाठी मोकळी झाली. पण त्या ३१ हेक्टरांत रस्ता एकही नाही. आहेत ते बांध, पाणंद आणि ओढा. लोक घर बांधतात ते बांधाच्या कडेने, आणि पाच वर्षांनी बांध हाच ‘रस्ता’ होतो: आठ फूट रुंद, गटाच्या आकाराप्रमाणे वाकडा.

यावर नियम नाहीत असं नाही. एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली. तिच्याप्रमाणे रेखांकनातला (ले-आउटमधला) १५० मीटरपर्यंतचा अंतर्गत रस्ता ९ मीटर रुंद हवा आणि ४,००० चौरस मीटरांच्या वरच्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडायला हवी. मग लोक का सोडत नाहीत? एका एकराचा हिशेब करा. ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. साठ मीटर लांबीचा ९ मीटरचा एकच रस्ता काढला तर ५४० चौरस मीटर गेले, खुल्या जागेला ४०५ गेले. विकायला उरले तीस-एकतीस गुंठे. गुंठेवारी पाडणारा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकणारा, १२ फुटांचा बोळ सोडतो, खुली जागा सोडतच नाही, आणि सदतीस-अडतीस गुंठे विकतो. गुंठ्याला पाच लाख भाव धरला तर फरक पस्तीस लाखांचा. त्यात रेखांकन मंजुरी, गटार, खडीकरण यांचा वाचलेला खर्च धरलेलाच नाही.

विकत घेणाऱ्याच्या वाट्याला काय येतं तेही मोजता येतं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची होती, तिचा एक चौकोन. मीटरमध्ये दहा बाय दहा. सांडपाण्याची वाहिनी नाही म्हणून शोषखड्डा, नळ नाही म्हणून बोअर. शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत १५ मीटर अंतर असावं असा संकेत आहे. दहा बाय दहाच्या चौकोनाचा कर्णच १४ मीटर आणि काही सेंटिमीटर! एका कोपऱ्यात खड्डा आणि विरुद्ध कोपऱ्यात बोअर घेतली तरी अंतर बसत नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरपासून चार मीटरवर असतो. आपला बेसॉल्ट भेगांचा. मैलपाणी मातीतून गाळून जाण्याऐवजी भेगेतून थेट पळतं. पहिली चार-पाच घरं होईपर्यंत काही जाणवत नाही, चाळीस झाली की सगळ्या आळीचं पाणी वास मारू लागतं.

बोळ १२ फुटांचा, त्यात दोन्हीकडून जिने आणि दुचाकी. दहा हजार लिटरचा टँकर वळत नाही, म्हणून पाच हजारांचा मागवायचा, आणि लहान टँकरचं पाणी लिटरमागे महाग पडतं. अग्निशमनाची गाडी तर कोपऱ्यावरच थांबते.

दस्त कसा होतो? होत नाही, किंवा वळसा घालून होतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. एक गुंठा त्यात बसत नाही, म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसं एकत्र येऊन सामाईक खरेदी करतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात आणि कोणाचा तुकडा कुठला हे फक्त साध्या कागदावरच्या नकाशात असतं. त्यातल्या एकाने कर्ज थकवलं की बाकीचे दहा अडकतात. गुंठेवारी नियमित करायचा २००१चा कायदा आहे; त्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ होती, २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२०पर्यंत आणली. तुकडेबंदीचे नियमही अलीकडे पुन्हापुन्हा शिथिल झाले. प्रत्येक सवलतीने कागद सरळ होतो, बोळ बारा फुटांचाच राहतो.

प्लॉट घ्यायचाच असेल तर चार कागद मागा. भूमी अभिलेख कार्यालयाचा गट नकाशा, त्यावर गावठाणाची हद्द आणि २०० मीटरचं माप. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला. मोजणीची ‘क’ प्रत. आणि रस्ता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ आहे का ते. शेवटचा कागद विक्रेता हमखास ‘होऊन जाईल’ म्हणतो.

सतरा सदस्य

ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते: दीड हजारांपर्यंत ७, मग टप्प्याटप्प्याने ९, ११, १३, १५, आणि साडेसात हजारांच्या वर १७. पुढे टप्पा नाही. आठ हजारांचं गावही १७ आणि टोलेजंग इमारतींनी वेढलेलं पन्नास हजारांचं गावही १७. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मुख्यतः २०११च्या जनगणनेतल्या डोक्यांवर वाटला गेला. त्यानंतर आलेल्या माणसांचा कचरा आहे, मतदार यादीत नावही असतं, पण निधीच्या हिशेबात ती माणसं नाहीत.

पाण्याचंच घ्या. ५०० सदनिकांची एक सोसायटी, घरटी चार माणसं, शहरी मापाने माणशी १३५ लिटर: रोज २ लाख ७० हजार लिटर. वरच्या उदाहरणातल्या तीन गावांचं पाणी एका कुंपणाच्या आत लागतं. ग्रामपंचायतीची योजना ५५ लिटरची आणि जुन्या गावठाणापुरती. म्हणून रोज दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. आत आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. प्रक्रिया केंद्र आवारात बांधलेलं असतं, पण विजेचा खर्च वाचवायला रात्री बंद ठेवलं तर ते ओढ्यात जातं, आणि ओढ्याच्या काठावर असते मूळ गावाची विहीर.

जनगणनेच्या भाषेत अशा गावाला ‘जनगणना नगर’ म्हणतात: लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. महाराष्ट्रात अशी नगरं २००१ मध्ये १२७ होती, २०११ मध्ये पावणेतीनशेच्या वर गेली. राज्य ४५ टक्के शहरी, असं आपण म्हणतो त्यात हीही धरलेली आहेत, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. गावकऱ्यांनाही नगरपंचायत व्हायची घाई नसते: घरपट्टी वाढते, रोजगार हमीची कामं आणि ग्रामीण घरकुलं बंद होतात.

मग एक दिवस महापालिका हद्द वाढवते. पुण्यात २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. महापालिकेचं क्षेत्र ५१८ चौरस किलोमीटर झालं, मुंबई महापालिकेपेक्षाही मोठं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. आत आलेल्या गावात आधी येतो कर, टप्प्याटप्प्याने वाढणारा. नळ आणि मैलावाहिनी नंतर. हे नुसत्या आळसामुळे नाही. १२ फुटांच्या बोळात पाण्याचा नळ, मैलावाहिनी, पावसाळी गटार आणि विजेची केबल या चारही गोष्टी एकमेकांपासून नियमाचं अंतर ठेवून बसत नाहीत. खोदाईचं यंत्र आत शिरत नाही. रुंदीकरण करायचं तर घरं पाडायची, आणि भरपाई वाहिनीपेक्षा महाग.

हे स्वस्तात करायची वेळ एकच असते: जमीन अजून शेत आहे तेव्हा. २०० मीटरच्या पट्ट्यातल्या गटधारकांना ग्रामसभेत बसवून गट नकाशावर आधी रस्ते आखायचे, शक्यतो बांधावरून, म्हणजे तोटा दोघांत वाटला जातो. ९ मीटरचा रस्ता म्हणजे बांधाच्या दोन्हीकडून साडेचार मीटर. ज्याच्या शेताची कड १०० मीटर आहे त्याचे ४५० चौरस मीटर, साडेचार गुंठ्यांच्या आत, जातात. त्याची मोजणी करून घ्यायची, लेखी संमती नोंदवायची, फेरफार पडून सातबाऱ्याच्या इतर हक्कात रस्ता आला की नाही ते उतारा काढून बघायचं, आणि कडेला दगड रोवायचे. ओढ्याच्या बाजूचा रस्ता सर्वांत खालच्या पातळीला ठेवायचा, कारण मैलावाहिनी उद्या त्याच खालून जाणार आहे. बांधावर पहिलं घर उभं राहायच्या आत हे झालं पाहिजे. एका घराचा पाया जरी भरला, तरी तो रस्ता तिथे वाकतो.